'हार्बर' म्हणजे दर वेळी 'आश्रय' नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्रजी मजकुरावरून मराठी बातमी करताना 'हार्बर' हे क्रियापद समोर आले की लेखणी सवयीने 'आश्रय देणे' असे लिहून मोकळी होते. गुन्हेगाराला आश्रय, निर्वासितांना आश्रय, जिवाणूंना आश्रय, आणि एखाद्या दिवशी मनातल्या संशयालाही आश्रय. शब्दकोशात पहिला अर्थ तोच असतो, त्यामुळे चूक झाली असे कोणाला वाटत नाही. पण या क्रियापदाचा अर्थ त्याच्या कर्मावर ठरतो. कोणाला किंवा कशाला 'हार्बर' केले, हे पाहिल्याशिवाय मराठी शब्द निवडता येत नाही, आणि गुन्ह्याच्या बातमीत तो चुकला तर आरोपच बदलतो. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 2 मधील पोटकलम 13 मध्ये 'हार्बर'ची व्याख्या आहे. जुन्या दंड संहितेत ती कलम 52अ मध्ये होती. या व्याख्येत निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, शस्त्रे, दारूगोळा किंवा प्रवासाचे साधन पुरवणे येते. शिवाय अटक चुकवण्यासाठी इतर कोणत्याही मार्गाने केलेली मदतही येते, मग ती यादीतल्या प्रकारची असो वा नसो. छप्पर हा या यादीतला केवळ एक प्रकार झाला. फरार माणसाला मोटार देणारा, त्याच्या खात्यात पैसे भरणारा किंवा रात्रीच्या जेवणाचा डबा पोहोचवणारा, या सगळ्यांवर हा आरोप येऊ शकतो, त्यांच्या घराचा उंबरठा त्या माणसाने कधी ओलांडला नसला तरी.

आता कलम 249, म्हणजे जुने 212, पाहा. त्यात 'हार्बर्स ऑर कन्सील्स' अशी दोन क्रियापदे शेजारी शेजारी ठेवली आहेत. 'कन्सील' म्हणजे लपवणे. 'हार्बर'चा अर्थही लपवणे एवढाच असता, तर दुसरे क्रियापद घालण्याचे कारण नव्हते. ज्याने केवळ गाडी आणि पैसे दिले त्याच्याविषयी 'आरोपीला लपवून ठेवल्याचा गुन्हा' असा मथळा दिला, की पोलिसांनी न केलेला आरोप वृत्तपत्राने केलेला असतो. उलटही होते. प्रत्यक्ष पोटमाळ्यावर लपवून ठेवणाऱ्याविषयी 'आश्रय दिला' असे लिहिले, तर लपवल्याचा भाग बातमीतून गळून जातो. तक्रारीत नेमके काय केल्याचे म्हटले आहे ते शोधावे आणि तेच क्रियापद लिहावे: पैसे पुरवले, गाडी दिली, घरात ठेवून घेतले, लपवले. एकाच वाक्यात सारे बसवायचेच असेल, तर 'फरार राहण्यास मदत केली' हे वाक्य व्याख्येच्या सर्वांत जवळ जाते. ते 'आश्रय'पेक्षा लांब आहे, मान्य. मथळ्यात जागा नसते, हेही मान्य. पण मथळ्यात 'मदत' हा एकच शब्दही चालतो.

त्याच कलमात आणखी एक खड्डा आहे. गुन्हेगाराला कायदेशीर शिक्षेपासून वाचवण्याचा हेतू सांगताना इंग्रजी मसुदा 'स्क्रीनिंग' हा शब्द वापरतो. इथे स्क्रीनिंगचा तपासणीशी किंवा चाळणीशी काही संबंध नाही. आड उभे राहणे, आडोसा करणे, असा तो जुना अर्थ आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'तपासणीच्या उद्देशाने' असे काहीतरी उमटते, आणि घाईत ते तसेच छापखान्यापर्यंत जाते.

हा गुन्हा ठरायला तीन गोष्टी लागतात. आधी मूळ गुन्हा घडलेला असावा लागतो. समोरचा माणूस गुन्हेगार आहे हे मदत करणाऱ्याला माहीत असावे, किंवा तसे समजायला पुरेसे कारण असावे. आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचा हेतू असावा. भाडेकरूची पार्श्वभूमी ठाऊक नसलेला घरमालक यात येत नाही. म्हणून 'आरोपी त्यांच्या घरात सापडला' आणि 'त्यांनी आरोपीला थारा दिला' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले घटना सांगते, दुसरे हेतू चिकटवते. बातमीदाराच्या हाती सहसा पहिल्यापुरताच पुरावा असतो.

शिक्षेचे आकडेही अनेकदा सरमिसळ होऊन छापले जातात. मूळ गुन्ह्याला फाशी असू शकत असेल, तर कलम 249 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मूळ शिक्षा जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद असेल, तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ती एक वर्षापर्यंत किंवा अधिक, पण दहाच्या आत असेल, तर त्या कमाल मुदतीच्या एक चतुर्थांशापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मूळ गुन्ह्याला कमाल 7 वर्षे असतील, तर मदत करणाऱ्याला कमाल 21 महिने. मूळ गुन्ह्याची कमाल शिक्षा 6 महिनेच असेल, तर हे कलम लागूच होत नाही. कोठडीतून पळालेल्या किंवा अटकेचा आदेश निघालेल्या माणसासाठी वेगळे कलम आहे, 253. तिथे फाशीच्या गुन्ह्याबाबत मर्यादा 5 वरून 7 वर्षांवर जाते. दरोडेखोर आणि जबरी चोरी करणाऱ्यांना थारा देण्याचे कलम 254, सैन्यातून पळालेल्याला थारा देण्याचे 164. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम 19 सर्वांत कडक: दहशतवादी असल्याचे माहीत असून थारा दिला, तर किमान 3 वर्षे आणि कमाल जन्मठेप. बातमीत कोणते कलम आहे हे न पाहता 'पाच वर्षांची तरतूद' असे लिहू नये.

जोडीदाराचा अपवादही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कलम 249 पती किंवा पत्नीने केलेल्या मदतीला लागू होत नाही. आई, वडील, भाऊ, बहीण, मुले यांना मात्र ही सूट नाही. 'कुटुंबीयांना कायद्यातून सवलत' असे वाक्य छापून आले, तर ते चुकीचे आहे.

'हार्बर' म्हणजे नुसते राहू देणे की त्यात लपवाछपवी हवीच, हा वाद अमेरिकेतही झाला आहे. तिथल्या स्थलांतरविषयक कायद्यात 'कन्सील, हार्बर, शील्ड फ्रॉम डिटेक्शन' अशी तीन क्रियापदे आहेत. बेकायदा राहणाऱ्या मित्राला आपल्या घरात उघडपणे राहू देणाऱ्या एका महिलेला त्याखाली दोषी ठरवले गेले. 2012 मध्ये सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकाल लिहिताना न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी शब्दकोश बाजूला ठेवला आणि गूगलवर हे क्रियापद कोणत्या नामांबरोबर येते ते मोजले. 'हार्बरिंग फ्युजिटिव्ह्ज' 50,800 वेळा सापडले, 'हार्बरिंग गेस्ट्स' 184 वेळा, 'हार्बरिंग फ्लड व्हिक्टिम्स' एकदाही नाही. 'हार्बरिंग ज्यूज' मात्र 19,100 वेळा. पाहुणे आणि पूरग्रस्त यांना कोणी 'हार्बर' करत नाही; नाझी राजवटीत ज्यूंना केले, कारण तिथे सत्तेपासून लपवणे होते. एका न्यायाधीशांनी बहुमताशी असहमती नोंदवली, आणि शोधयंत्रातले आकडे हा पुरावा मानावा का यावर पुढे बरीच चर्चा झाली. अनुवादकाला मात्र ही रीत फार उपयोगी आहे. शब्द एकटा पाहू नये, त्याची संगत पाहावी.

संगतीचा हा नियम मानवी तस्करीच्या बातमीत पाळला नाही, तर फार वाईट अर्थ निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या तस्करीविरोधी प्रोटोकॉलमध्ये भरती, वाहतूक, हस्तांतर, 'हार्बरिंग' आणि ताब्यात घेणे अशा क्रिया एका ओळीत येतात. न्याय संहितेच्या कलम 143 मध्येही हेच शब्द आहेत. इथे ज्याला ठेवले तो फरार नाही, तो पीडित आहे. अटक चुकवण्याचा प्रश्नच नाही. अशा ठिकाणी 'आरोपीने मुलींना आश्रय दिला' असे छापले, तर आरोपी परोपकारी वाटू लागतो. 'ठेवून घेतले' हे शब्द पुरतात. 'डांबून ठेवले' तेव्हाच लिहावे, जेव्हा कोंडून ठेवल्याचा स्वतंत्र आरोप असेल.

निर्वासितांबाबत गोष्ट उलटी. एखाद्या देशाने युद्धातून पळालेल्यांना उघडपणे राहू दिले, तर इंग्रजीत 'शेल्टर', 'होस्ट' किंवा 'टेक इन' येते. तिथे कोणी 'हार्बर' लिहिले असेल, तर बहुधा बोलणाऱ्याला ते आवडलेले नाही, किंवा प्रकार चोरीछुपे चालला आहे. ही नापसंती मराठीत आणायची असेल तर आपल्याकडे 'थारा' हा नेमका शब्द आहे. 'थारा' गंमतीदार आहे. तो बहुतेक नकारातच वावरतो. 'त्याला कोणी थारा देईना', 'अशांना थारा देऊ नका'. जिथे होकारात येतो तिथेही नाक मुरडलेले असते. शत्रूच्या हस्तकांना एखाद्या देशाने थारा दिल्याचा आरोप, इथे तो अचूक बसतो. 'आश्रय' त्याहून प्रतिष्ठित आहे. राजाश्रय, आश्रयदाता या शब्दांत त्याचे वजन दिसते. 'आसरा' घरगुती, आपुलकीचा. 'निवारा' ऊन-पावसापासून. 'अभय' म्हणजे इजा होणार नाही असे वचन, त्यात छप्पर असेलच असे नाही. आणि 'पाठीशी घालणे' हे 'शील्ड'साठी: वरिष्ठाने चुकार कनिष्ठाला पाठीशी घातले, यात कोणी कोणाला घरात ठेवलेले नाही. या सहा शब्दांत पुरेसे अंतर आहे, तरी मथळ्यांत हल्ली 'शरण दिली' दिसते. ते हिंदीतून आले आहे. मराठीत माणूस शरण जातो किंवा येतो, शरण कोणी देत नाही. 'शरणार्थी'ची कथाही तीच. आपला शब्द 'निर्वासित'.

मनाच्या बाबतीत 'हार्बर' आले की मराठीत 'बाळगणे' घ्यावे. संशय बाळगणे, महत्त्वाकांक्षा बाळगणे, भ्रम बाळगणे, आशा बाळगणे. वैरभावासाठी याहून धारदार शब्द आहेत: अढी धरणे, आकस बाळगणे, डूख धरणे. इंग्रजी 'ग्रज'ला 'राग' हा प्रतिशब्द अपुरा पडतो, कारण राग क्षणात येतो आणि जातो, ग्रज मुरतो. या अर्थाच्या 'हार्बर'ला दोन अटी आहेत. भावना आत दडलेली असावी, आणि काही काळ टिकलेली असावी. म्हणून त्याच्यासोबत 'सीक्रेटली', 'लाँग', 'स्टिल', 'फॉर इयर्स' असे शब्द वारंवार येतात. भर सभेत ओरडणाऱ्या माणसाविषयी 'त्या क्षणी त्याने राग हार्बर केला' असे इंग्रजी कोणी लिहीत नाही. भ्रमाबाबत ते बहुधा नकारात येते, 'हार्बर नो इल्यूजन्स'. त्याचे मराठी 'कोणत्याही भ्रमात नाही' इतके सरळ आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी माणसाची चूक इथे शब्दयोगी अव्ययाची होते. आपण 'त्याच्यावर राग' म्हणतो, म्हणून 'हार्बर अ ग्रज ऑन हिम' लिहिले जाते. बरोबर रूप 'अगेन्स्ट हिम'. रिझेंटमेंटसाठी 'अगेन्स्ट' किंवा 'टुवर्ड्‌स', शंका आणि भ्रमांसाठी 'अबाउट', महत्त्वाकांक्षेसाठी 'ऑफ' किंवा 'टू' आणि पुढे क्रियापद. ग्रजच्या जोडीला येणाऱ्या इतर क्रियापदांतही फरक आहे. 'बेअर' किंवा 'होल्ड' म्हणजे नुसता मनात असणे, 'नर्स' म्हणजे खतपाणी घालून तो जिवंत ठेवणे. आशेला 'चेरिश' लावले, तर ती जपलेली आणि प्रिय. 'हार्बर' लावले, तर ती झाकलेली. 'एंटरटेन अ डाउट' म्हणजे शंकेला क्षणभर विचारात घेणे, ती मनात मुक्कामाला असेलच असे नाही.

आरोग्याच्या बातम्यांत चूक वेगळ्या दिशेने होते. तिथे 'हार्बर'चा अर्थ केवळ 'अंगात किंवा आत असणे' एवढाच आहे. हेतू नाही, दोष नाही, प्रसारही नाही. निपाह विषाणूची नैसर्गिक वस्ती टेरोपस जातीच्या फळे खाणाऱ्या वटवाघळांत आहे. 'बॅट्स हार्बर द व्हायरस' याचे 'वटवाघळे विषाणू पसरवतात' असे मराठी केले, की वाक्यात नसलेला अर्थ आत शिरतो. पसरवणे हे 'ट्रान्समिट' किंवा 'स्प्रेड'. मलेरियाचा परजीवी रक्तातून अ‍ॅनोफिलिसच्या मादीत गेला, तरी तो वाढून तिच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात, तापमानानुसार कमी-अधिक. त्या दिवसांत डास परजीवी 'हार्बर' करत असतो, पण चावून मलेरिया देऊ शकत नाही. क्षयाचेही तसेच. सुप्त संसर्ग असलेल्या माणसाच्या शरीरात जिवाणू असतात. तो आजारी नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. अशा माणसांचा आकडा 'क्षयरुग्ण' म्हणून छापणे म्हणजे कोट्यवधी निरोगी लोकांना रुग्ण करणे. 'शरीरात जिवाणू आहेत' किंवा 'विषाणूचे वास्तव्य आहे' हे पुरे. 'स्पंज जिवाणूंना आश्रय देतो' यापेक्षा 'स्पंजमध्ये जिवाणू वाढतात' किंवा 'राहतात' हे कोणालाही समजते.

जंगल दुर्मिळ प्रजातींना 'हार्बर' करते, तेव्हा 'या जंगलात त्या आढळतात' एवढे बस झाले.

शेजारच्या क्रियापदांविषयी थोडे. 'हाइड' सकर्मक आणि अकर्मक दोन्ही चालते: पैसे लपवले, तो लपला. 'शेल्टर'चेही तसेच. 'हार्बर'ला मात्र आजच्या इंग्रजीत कर्म लागतेच. 'ही हार्बर्ड इन अ हाउस' हे 'तो घरात लपला' या अर्थाने आज कोणी लिहीत नाही. जहाज खाडीत आसऱ्याला थांबले या अर्थाचा अकर्मक वापर आहे, पण तोही विरळ झाला. 'सिक्रीट' हे क्रियापद दोन अर्थांचे आहे: गुपचूप दडवून ठेवणे आणि ग्रंथीतून स्रवणे. 'सिक्रीटेड द डॉक्युमेंट्स' मध्ये कागदपत्रे स्रवत नाहीत, एवढे तरी पाहावे. 'एन्स्कॉन्स' हे 'स्कॉन्स' म्हणजे छोटी गढी यावरून आले. मुळात त्यात आडोशाला जाण्याचा अर्थ होता. आज त्याचा रोख आरामशीर, पक्के बसण्यावर आहे. 'एन्स्कॉन्स्ड इन पॉवर' ला 'सत्तेत लपलेला' नव्हे, तर 'सत्तेत ठाण मांडून बसलेला' म्हणावे. इतका चपखल वाक्प्रचार हाताशी असताना कोशाची पाने चाळण्याची गरज नाही.

'हार्बर'चा पहिला अर्थ बंदर आणि बाकीचे लाक्षणिक, असा समज आहे; तो उलटा आहे. जुन्या इंग्रजीत 'हेरे' म्हणजे सैन्य आणि 'बेओर्ग' म्हणजे रक्षण, निवारा. त्यांच्या जोडीतून सैन्याच्या मुक्कामाची जागा, मग कोणाच्याही मुक्कामाची जागा, असा अर्थ आला. जहाजांसाठी तो शब्द नंतर वापरात आला. जर्मनमधले 'हेरबेर्गे' आणि फ्रेंचमधले 'ओबेर्ज' याच कुळातले, आणि दोन्हींचा अर्थ अजून पथिकाश्रम, सराय असाच आहे. 'हार्बिंजर' म्हणजे पुढे जाऊन मुक्कामाची सोय करणारा. तो आज नांदीचा अर्थ देतो.

बंदराचा हा समज 'सेफ हार्बर'च्या भाषांतरात नडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 विषयी लिहिताना 'सुरक्षित बंदर' असे छापले, तर वाचकाला बोध होत नाही. वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थ कंपनीला काही अटींवर जबाबदारीतून मिळणारी सूट, असा त्याचा अर्थ आहे. 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना कंपनीला कळल्यावर सुरू होते. 'जबाबदारीतून सूट' हे तीन-चार वेळा छापले की रूढ होईल. युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या माहिती हस्तांतराच्या व्यवस्थेचे नावच 'सेफ हार्बर' होते. ती युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये रद्द केली. ते विशेषनाम असल्याने तसेच ठेवावे.

विशेषनामांचा प्रश्न रोमन लिपीतही येतो. ब्रिटिश लेखनात या शब्दात 'यू' आहे, अमेरिकनमध्ये नाही. पण पर्ल हार्बर ब्रिटिश मजकुरातही 'यू'शिवायच राहते, आणि सिडनी हार्बर अमेरिकन मजकुरातही 'यू'सहच. आपल्या संकेतस्थळावर बातम्यांची रोमन शीर्षके शोधासाठी वापरली जातात, तिथे हे पाळलेले बरे.

आपले,
इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करणारे काही वाचक